निजल्या

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ज्ञानेश्वरीनं डबा उघडला आणि पहिला घास घेणार एवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या मयेकरबाईंनी एक निमंत्रणपत्रिका तिच्या डब्याला टेकवून उभी केली. "बघा हो बाई, पालीच्या बाजूलाच आहे म्हणे. तुमचं गाव तिकडेच ना?" पत्रिका जाड, गुळगुळीत होती. पोरीच्या लग्नात हात आखडता घेणाऱ्या माणसांनी स्वतःच्या हौसेसाठी छापून घ्यावी तशी. तिच्यावर एक फोटो होता. कातळात खोदलेला पुरुषभर लांबीचा माणूस, पाय फाकलेले, हात अंगापासून सुटे, तोंडाच्या जागी नाक नाही, डोळे नाहीत. ज्ञानेश्वरीनं घास परत डब्यात ठेवला. चौदा वर्षांत तिनं त्याला पाहिलं नव्हतं, आणि असा वरून, उभा, तर कधीच नाही. फोटोखाली लिहिलं होतं, 'अज्ञात मानवाकृती, तळेकोंड सडा'. त्याच्या खाली, 'रविवार दि. २२ डिसेंबर २००२, वर्षातील सर्वांत लहान दिवसाचा सूर्योदय'. आणि अगदी तळाला, 'विशेष उपस्थिती : ज्येष्ठ ग्रामस्थ श्री. भागोजी'. आडनावसुद्धा घातलं नव्हतं. आडनाव विचारायची गरज वाटली नसणार. भागोजी तिचा बाप होता.

"माझं गाव पालीच्या पुढे आहे," ती म्हणाली. "हे मला माहीत नाही." मयेकरबाईंना तेवढं पुरलं. त्यांना कशातच फार वेळ रस राहत नसे. ज्ञानेश्वरीला कचेरीतली सगळीच माणसं अशी वाटत, वरवरची, पत्र्यावर पडलेल्या पावसासारखी, आवाज मोठा आणि भिजणं काहीच नाही. अज्ञात, ती मनात म्हणाली. गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्याला नावानं ओळखतं. निजल्या. सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, गुरं नेताना आई बजावायची, निजल्याच्या अंगावरून ढोरं नेऊ नकोस गो. आणि हे म्हणे अज्ञात. यांना ठाऊक नव्हतं म्हणजे जगाला ठाऊक नव्हतं.

शोध लावणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर होते. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ त्यांचा दवाखाना होता आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनी ज्ञानेश्वरीची दाढ काढली होती. तोंडात कापूस कोंबून, जबडा बधिर करून, तिला पाऊण तास शिलाहार राजांविषयी सांगितलं होतं. जो माणूस समोरच्याचं तोंड बंद केल्याशिवाय बोलत नाही त्याच्याविषयी तिचं मत त्याच दिवशी झालं होतं. आता त्यांना सडा सापडला होता. दसऱ्यानंतर दर रविवारी गाडी घेऊन यायचे, असं वाडीतल्या रघूनं तिला बाजारात भेटल्यावर सांगितलं होतं, आणि भागोजी म्हातारा पुढे आणि डॉक्टर मागे असे दोघं उन्हातान्हात कातळावर वाकून फिरतात, हेही. तेव्हा ती हसली होती. बापाला म्हातारपणी खेळ मिळाला, मिळू दे. शाल मिळेल, नारळ मिळेल, पेपरात फोटो येईल. पत्रिकेवर त्याचं नाव वाचेपर्यंत तिच्या डोक्यात आलंच नव्हतं की डॉक्टर कधीतरी विचारतील, आजोबा, इथे लोक करायचे काय? आणि बाप सांगेल.

शुक्रवारी त्याचा फोन आला, पालीच्या नाक्यावरच्या बूथवरून. कचेरीत फोन आला की सगळे कान देऊन बसतात, म्हणून ती नेहमी हो आणि नाही एवढंच बोलत असे. "ऐतवारी येशील काय गो? डाक्टरची गाडी हाय. तुला घेऊन येतील. मी बोललंव हाय त्येंना, माजी लेक हितंच कचेरीत हाय म्हणून." तिनं टेबलांकडे पाठ फिरवली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "तुम्ही तिथे काय बोलणार आहात?" बाप म्हणाला, "इचारतील त्ये." आणि पैसे संपले म्हणून की काय, फोन तुटला. इचारतील त्ये. दिवसभर ते दोन शब्द दाताच्या फटीत अडकलेल्या तंतूसारखे तिला सलत राहिले. तिला सड्यावर जायचं नव्हतं. सूर्य पाहायचा नव्हता. पण बापाच्या समोर उभं राहिल्याशिवाय त्याचं तोंड आवरणार नाही, एवढं तिला कळत होतं.

रविवारी सव्वापाचला ती मारुती मंदिरापाशी उभी होती. डॉक्टरांची सुमो आली. पुढे डॉक्टर, त्यांनी माकडटोपी घातली होती आणि गळ्यात होकायंत्र लटकवलं होतं, शाळेतल्या मॉनिटरनं शिट्टी लटकवावी तसं. मधे त्यांचे दोन मित्र, एक वकील आणि एक आंब्याचे निर्यातदार, दोघांच्या बायका, त्यांच्या शाली, त्यांचे थर्मास. मागच्या बाकावर एक मुलगी बसली होती, तिशीची असेल, डोक्यावरून ओढणी, मांडीवर कॅमेरा. तिनं सरकून जागा दिली. "मी महरीन. सरांच्या दवाखान्याच्या वर कॉम्प्युटर क्लास आहे ना, तिथे शिकवते. पत्रिका मीच केली." तिच्या अंगाला मंद, महाग असा वास होता. कॅमेरा फिल्मशिवायचा होता, मागच्या छोट्या पडद्यावर फोटो लगेच दिसत. "जुनेदनं पाठवला, दोहाहून," ती म्हणाली, न विचारताच. नवरा असणार. पावस गावाकडची, खाडीकाठची माणसं, ज्ञानेश्वरीनं मनाशी ठरवून टाकलं. घरात माणूस नाही आणि वस्तू मात्र भरलेल्या. वस्तू पाठवल्या की माणसाची भरपाई झाली, असं या लोकांना वाटतं. मग तिला आठवलं की तिच्या घरात माणूस नाही आणि वस्तूही नाहीत, शहराबाहेरच्या नाचणे गावातल्या दोन खोल्यांत एक खाट, एक गॅस आणि एक टेबलफॅन. पण त्यामुळे तिचं मत बदललं नाही.

हातखंब्याच्या पुढे रस्ता काळोखात वळत होता आणि वकीलसाहेब सांगत होते की पूर्वजांना खगोलशास्त्र किती अवगत होतं. पूर्वज. यांच्या पूर्वजांनी सड्यावर पाय ठेवला असेल तो शेतसारा वसूल करायला. ज्ञानेश्वरी काचेला डोकं टेकून बसली. पश्चिमेकडे अर्धवट झिजलेला चंद्र झाडांमागून गाडीबरोबर धावत होता. अशाच चंद्राच्या उजेडात ती त्या वेळी चालत गेली होती, अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरात, पंचवीस वर्षांची असताना. पुढे तिची आई सोनूबाई, मागे सासू, मधे ती. लग्नाला सात वर्षं झाली होती. नवरा अनिल मुंबईत एका कारखान्याच्या उपहारगृहात कामाला होता. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा. दोन्ही मिळून वर्षाचे वीस दिवस. त्या वीस दिवसांचा हिशेब उरलेले सव्वाअकरा महिने तिच्याकडे मागितला जायचा. अनिलला कोणी काही विचारलं नाही. त्याला डॉक्टरकडे नेलं नाही. तो बाप्या होता, त्याचं काय बिघडायचं. तिला मात्र चिपळूणच्या वैद्याचे काढे पाजले, सावर्ड्याच्या भगताकडून दोरा आणला, आणि शेवटी सासूच म्हणाली, तुमच्या गावात निजल्या हाय म्हणतात, तिथं का नेत नाय पोरीला? आई नको म्हणाली नाही. ज्ञानेश्वरीनं आईला त्या एका गोष्टीसाठी कधी माफ केलं नाही. आई मेली तेव्हाही नाही.

सर्वांत लहान दिवशी, सूर्य वर यायच्या आत, बाई निजल्याच्या आत निजायची. त्याच्या डोक्यात डोकं, त्याच्या हातात हात, त्याच्या पायात पाय. कातळ रात्रभर थंडावलेला असायचा. त्या दिवशी तो तिच्या पाठीत असा शिरला की तिला वाटलं आपण दगड म्हणूनच जन्मलो असतो तर बरं. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, आईनं एक घोटा धरलेला, सासूनं दुसरा, जशी गाय अडली की दोघं धरतात. मग समोर, तिच्या दोन पावलांच्या बरोबर मधे, लांबच्या डोंगराच्या खांद्यावर सूर्य आला. लाल, गरीब, काहीच न मागणारा. तो तिच्या अंगावर चढत गेला, घोट्यापासून मांडीपर्यंत, पोटापर्यंत. दोन्ही म्हाताऱ्या तिच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. तिच्या पोटाकडे बघत होत्या, जणू आत काहीतरी पडल्याचा आवाज ऐकू येणार होता. तिला लाज वाटली नाही, थंडीही वाटेनाशी झाली. वाटला तो तिरस्कार. स्वच्छ, कोरडा, पोटभर. या दोघींचा, त्या सूर्याचा, या दगडाचा, मुंबईत झोपलेल्या अनिलचा. त्या सकाळी तिच्यात काहीतरी खरोखर रुजलं होतं, फक्त म्हाताऱ्यांना पाहिजे होतं ते नव्हे. पुढच्या शिमग्याला अनिल दुसरी बाई घेऊन आला. ज्ञानेश्वरीनं कपड्यांची पिशवी उचलली, रत्नागिरीत येऊन टायपिंग शिकली, परीक्षा दिली, कचेरीत लागली. तेव्हापासून ती सगळ्यांकडे वरून बघत आली होती. त्या तिरस्कारावर ती जगली होती, दुसरी माणसं प्रेमावर जगतात म्हणे, तशी.

सड्याखाली गाडी थांबली. वर चढून गेले तेव्हा पूर्वेला उजळत होतं. गवत जाळलेलं, कातळ उघडा, आणि वाडीतली पंधरावीस माणसं कडेला उकिडवी बसलेली, तमाशा बघायला यावीत तशी. त्यांच्या दृष्टीनं तमाशा तोच होता, शहरातली माणसं दगडाला टॉर्च मारून बघतायत. त्यांत वाडीभरच्या बातम्या ठेवणारी गंगुबाईही होती, तोंडात मशेरी, डोळे सगळीकडे. ज्ञानेश्वरीला बघून तिनं मान हलवली. ती हलवणं ज्ञानेश्वरीला अजिबात आवडलं नाही. बाप पुढे आला. पांढरी टोपी, कोणाचातरी जुना मोठा स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, प्रदर्शनातल्या बैलाच्या पाठीवर मालक ठेवतो तसा. "हे आमचे भागोजीआजोबा. चालता-बोलता इतिहास." बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाप हसला. दात नव्हते. दातांच्या डॉक्टरांनी दोन महिने त्याला उन्हात फिरवलं होतं आणि एवढ्यात त्याला एक कवळी काही करून दिली नव्हती. ज्ञानेश्वरीनं ते लक्षात ठेवलं.

डॉक्टरांनी बोलायला सुरुवात केली. निजल्याच्या उजव्या हाताजवळून एक सरळ रेघ निघते, चांगली पंधरा हात लांब. ती बाणासारखी पूर्वेकडे जाते. त्यांच्या मते ही रेघ म्हणजे त्या काळचं पंचांग. आज सात वाजून चार मिनिटांनी सूर्य बरोबर या रेघेच्या टोकावर उगवेल. सगळे रेघेच्या मागे ओळ धरून उभे राहिले. कोणी थर्मास उघडले. ज्ञानेश्वरी मागे राहिली. तिला रेघेकडे बघून आधी काही कळेना, मग कळलं, आणि आतून एक कडू, सुखाची लाट वर आली. ती रेघ वाडीतल्या बाबल्याच्या आज्यानं टिकावानं मारलेली होती. पावसात कातळावर तळं साचायचं, ते पाणी खालच्या मळ्यात काढायला. तिच्या आईला तो आजा रेघ मारताना आठवायचा. आणि हे सगळे, वकील, निर्यातदार, त्यांच्या शाली, एका गटाराच्या टोकाकडे डोळे लावून उभे होते.

सात वाजून चार मिनिटं झाली. सूर्य आला नाही. सातवर आठ मिनिटं झाली. डोंगर उंच होता, ते होकायंत्रात दिसत नसावं. वाडीतली पोरं कुजबुजली. निर्यातदारांच्या बायकोनं विचारलं की ढग आहेत का. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. सव्वासातच्या सुमारास डोंगराचा खांदा पेटला आणि सूर्य वर आला, रेघेपासून चांगला उजवीकडे, जिथे ज्ञानेश्वरीला ठाऊक होतं तिथे. तिला मान वळवायचीही गरज पडली नाही. सगळे डॉक्टरांकडे वळले. मग डॉक्टर म्हणाले, "अर्थात. पृथ्वीच्या आसाचा कल बदलत असतो. हजारो वर्षांत एवढा फरक पडणारच. उलट यावरून आपल्याला हे शिल्प किती जुनं आहे ते काढता येईल." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुटल्यासारख्या. सूर्य चुकला होता, रेघ बरोबर होती. ज्ञानेश्वरीनं आयुष्यात बऱ्याच माणसांना तुच्छ मानलं होतं, पण त्याची संधी इतक्या स्वस्तात कोणी दिली नव्हती.

मग तिला जे ऐकायची भीती होती ते डॉक्टर बोलले. "आजोबा, पूर्वी गावातले लोक आजच्या दिवशी इथे काही करायचे का? काही प्रथा?" गंगुबाईनं मशेरी थुंकली आणि पुढे सरकली. ज्ञानेश्वरीनं बापाकडे बघितलं. बाप तिच्याकडे बघत नव्हता. तो गंगुबाईच्या आणि डॉक्टरांच्या मधे येऊन उभा राहिला, आपल्या मोठ्या स्वेटरसकट. "नाय ओ. आमी गुरां राखायचो. लोक करनार काय? हितं वारा लय. माणूस हितं थांबत नाय." डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं. वारा, बहुतेक. मग पोह्यांची हाक आली आणि सगळे फणसाच्या झाडाखाली चटया टाकल्या होत्या तिकडे वळले.

तिनं बापाला झाडापर्यंत जाऊ दिलं नाही. "बाबा, ती रेघ यांना कोणी सांगितली?"

"मीच सांगितली."

"ती तर गटार आहे. बाबल्याच्या आज्याचं."

"मग?" बापानं टोपी काढून डोकं खाजवलं. "निजल्याच्या पायाशी हुबं केलं असतं त्येंना, तर इचारलं असतं, हितं पाय असे का, हितं काय व्हायचं. रेघ दावली. रेघेला कोन काय इचारनार? दोन म्हयनं रेघेच्या मागं फिरतायत."

"तुम्ही खोटं बोललात त्यांच्याशी. दोन महिने."

"तू कचेरीत जातेस," बाप म्हणाला. "त्ये तुझ्या कचेरीत येतात." आणि पोहे संपतील म्हणून तो निघून गेला.

ती तिथेच उभी राहिली. ती सड्यावर आली होती बापाचं तोंड धरायला. चौदा वर्षं तिनं त्याला आईच्याच ओळीत बसवला होता. त्या पहाटे तो घरात झोपला होता, उठून नको म्हणाला नव्हता, म्हणून. आज त्यानं एका शिकलेल्या माणसाला दोन महिने गटाराच्या मागे फिरवलं होतं, तिच्यासाठी, न सांगता. याचं काय करायचं ते तिला कळेना. कृतज्ञ व्हायची तिला सवय नव्हती. तिला राग आला, आणि कोणाचा ते कळेना म्हणून आणखी आला. चौदा वर्षांपूर्वी कुठे होतास, असं तिला ओरडावंसं वाटलं. पण म्हातारा पोहे खायला बसला होता, आणि बिनदातांचा माणूस पोहे कसे खातो ते बघवत नाही.

"बाई."

महरीन निजल्याच्या डोक्याकडे उभी होती. बाकी सगळे झाडाखाली होते, ती एकटी मागे राहिली होती. "मी इथे बसले होते, सगळे तिकडे रेघेजवळ होते तेव्हा. फोटोत त्यांच्या पाठी यायला लागल्या म्हणून इथे आले." तिनं कॅमेऱ्याचा छोटा पडदा ज्ञानेश्वरीपुढे धरला. फोटोत दोन खोदलेले पाय होते आणि त्यांच्या बरोबर मधे, डोंगराच्या खांद्यावर, सूर्य. "रेघ चुकीची आहे ना?"

ज्ञानेश्वरीनं कॅमेरा हातानं खाली केला.

"मी सरांना नाही दाखवणार," महरीन म्हणाली. "गेल्या रविवारी फोटो काढायला आलो होतो तेव्हा गंगुबाईंनी मला पाणी दिलं. मुलं किती, विचारलं. मग म्हणाल्या, बायका इथे निजायच्या."

"आणखी काय सांगितलं तिनं?"

"कोणाचं नाव नाही सांगितलं." ती इतक्या पटकन म्हणाली, की नाव सांगितलं होतं हे स्पष्ट झालं.

ज्ञानेश्वरीला तिच्याकडे बघून हसू आलं, ते नेहमीचं, एका बाजूचं. कॉम्प्युटर शिकवणारी. दोहाचा कॅमेरा. अंगाला अत्तर. आणि गंगुबाईच्या मशेरीच्या थुंकीवर विश्वास. तिच्या जिभेवर बरंच काही आलं होतं आणि त्यातलं कोणतंही एक वाक्य या मुलीला दिवसभर पुरलं असतं. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "त्यानं काही होत नाही. मी निजले होते."

हे ती चौदा वर्षांत कोणाला बोलली नव्हती. बोलल्यावर तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. सडा होता तसा राहिला. खाली पोह्यांवर कोणी नारळ मागत होतं.

"मला माहीत आहे होत नाही," महरीन म्हणाली. "कोल्हापूरला दोन वेळा जाऊन आले, मुंबईला एकदा. डॉक्टर म्हणतात तुमच्यात काही नाही, मिस्टरांना आणा. जुनेद म्हणतो, येतो तेव्हा बघू. दर वेळी पंचेचाळीस दिवस येतो. त्यात तीन लग्नं असतात आणि एक घराचा स्लॅब. सासूबाई दर्ग्याला नेतात, मी जाते. फुफी, माझी आत्या, पाणी फुंकून देते, मी पिते. सगळं कोणीतरी सांगितलं म्हणून केलं." ती खाली निजल्याकडे बघत होती. "हे करायला मला कोणी सांगितलेलं नाही."

"मग कशाला?"

"म्हणूनच."

ज्ञानेश्वरीनं झाडाकडे बघितलं. वकीलसाहेब बोलत होते, बाकीचे खात होते. बाप त्यांच्या मधे बसून हातवारे करत काहीतरी सांगत होता, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. या बाजूला पाठ करून. कसलं खोटं सांगत होता कोण जाणे, पण लांबलचक असावं. सूर्य वर आला होता आणि कातळ अजून गार होता. या बाईचा राग यावा, निदान कीव यावी, असं तिनं मनाशी म्हटलं आणि थोडी वाट बघितली. काही आलं नाही. तिला वाटलं, माझे घोटे धरले नसते तर मी निजले असते का? स्वतःहून? हा प्रश्न तिनं कधी विचारलाच नव्हता, कारण सगळी जागा तिरस्कारानं घेतली होती.

"कॅमेरा इकडे दे," ती म्हणाली. "चपला काढ. डोकं हळू टेक, खालचा दगड खरबरीत आहे. पाय त्याच्या पायांत घाल, ते आपोआप बसतात."

महरीननं चपला काढल्या, ओढणी नीट करून मानेखाली घेतली आणि निजली. ज्ञानेश्वरी झाडाच्या आणि तिच्या मधे उभी राहिली, झाडाकडे तोंड करून, कॅमेरा दोन्ही हातांत धरून. मागे ती बघत नव्हती. वारा खरंच होता सड्यावर. बाप म्हणाला ते तेवढं खरं होतं. मागून श्वासाचा आवाज येत होता, लांब आणि सावकाश. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. एकदा निर्यातदारांची बायको उठली, इकडे यायला निघाली, तेव्हा ज्ञानेश्वरीनं कॅमेरा डोळ्याला लावून तिच्यावर रोखला. बाई लगेच थांबली, शाल सारखी केली, हसली, आणि फोटो काढून झाला असं वाटल्यावर खूश होऊन परत बसली. कॅमेरा कसा चालवायचा ते ज्ञानेश्वरीला ठाऊक नव्हतं.

"झालं," मागून आवाज आला. महरीन उठून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, चेहरा नुसता झोपेतून उठलेल्या माणसासारखा सुजट होता. "खूप गार आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला तेव्हा काय वाटलं?"

ज्ञानेश्वरीनं विचार केला. खरं सांगायचं म्हटलं असतं तर बराच वेळ लागला असता, आणि गाडी साडेआठला निघणार होती. "वळ," ती म्हणाली. महरीन वळली. तिच्या पाठीला जळक्या गवताची काळी काजळी लागली होती, खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि दगडाचे तांबडे कण. अशी ती झाडाखाली गेली असती तर सगळ्यांना कळलं असतं. ज्ञानेश्वरीनं कॅमेरा खाली ठेवला आणि तळहातानं तिची पाठ झटकायला लागली, आधी जोरात, सतरंजी झटकावी तशी. मग कापडाखाली थंडीनं कडक झालेली पाठ हाताला लागली. त्या दिवशी सड्यावरून उतरताना तिची स्वतःची पाठ कोणी झटकली नव्हती. वाडीत शिरताना सगळ्यांनी ती बघितली होती. तिचा हात सावकाश झाला. काजळी निघत नव्हती, पसरत होती. ती पदराचं टोक ओलं करायला पाण्याची बाटली शोधू लागली.